लखनौचं ऊसर आणि कॅल्शियमचे दोन इलेक्ट्रॉन

लखनौ शहर मागे टाकून कानपूरच्या रस्त्याला लागलं की बंथरा हे गाव लागतं. आजच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने गेल्या शतकाच्या मध्यावर आपलं प्रयोगक्षेत्र तिथे मुद्दाम नेलं, कारण तिथली जमीन ऊसर होती आणि तिच्यावर धड गवतही तगत नव्हतं. याच जिल्ह्यात शिवरीला करनालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचं प्रक्षेत्र आहे, आणि तेही याच दुखण्यासाठी. उत्तर प्रदेशात असं ऊसर साडेतेरा लाख हेक्टरच्या आसपास मोजलं गेलं आहे. उन्हाळ्यात त्यावर पांढरट पापुद्रा येतो, त्याला तिकडे रेह म्हणतात; एकेकाळी धोबी तो कपडे धुवायला वापरत, यावरून त्यातल्या अल्काचा अंदाज यावा. पावसाचं पाणी अशा शेतात दिवसच्या दिवस साचून राहतं आणि वीतभर खाली माती कोरडी ठणठणीत असते. सांगली-कोल्हापूरकडचा शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतो, तेव्हा मराठी वाचकाला हे दुखणं परकं नाही. मातीच्या बारीक चिकण कणांवर ऋण प्रभार असतो आणि त्याला धन आयन चिकटून बसतात. धन आयनांनी धरलेल्या या जागांपैकी १५ टक्क्यांहून जास्त जागा सोडियमने बळकावल्या की माती बिघडली असं धरतात. उपाय म्हणून जिप्सम टाकतात. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावतो, सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जातो, आणि पहिलं पीक म्हणून भात घेतात, म्हणजे साचवलेलं पाणीही कामी येतं.

या व्यवहारातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सोडियमच्या आयनाची त्रिज्या साधारण १०२ पिकोमीटर आहे आणि कॅल्शियमच्या आयनाची १००. आकाराने दोघे जवळजवळ सारखेच. फरक एवढाच, की सोडियमवर एक धन प्रभार आहे आणि कॅल्शियमवर दोन. विरुद्ध प्रभाराच्या आयनावर जितका प्रभार जास्त, तितके पाण्यात तरंगणारे कण गोळा होऊन खाली बसतात, आणि ही वाढ सरळ प्रमाणात होत नाही, फार झपाट्याने होते. शुल्झने १८८२ मध्ये आणि हार्डीने १९०० मध्ये हे दाखवून दिलं. एक प्रभाराचा सोडियम चिकण कणांना एकमेकांपासून सुटं ठेवतो. सुटे कण पाण्याबरोबर वाहून मातीची छिद्रं बुजवतात. दोन प्रभारांचा कॅल्शियम त्यांना एकत्र आणतो आणि पाण्याला वाट मिळते. म्हणजे लाखो हेक्टरांचं नशीब एक की दोन या प्रश्नावर येऊन ठेपतं. हा एक आणि हे दोन येतात कुठून?

उत्तर सगळ्यांना पाठ असतं: संयुजा, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कवचातल्या, इलेक्ट्रॉनांमुळे. पण या उत्तराचे दोन अर्थ होतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. ते समोरासमोर यावेत म्हणून हा संवाद रचला आहे. पात्रं काल्पनिक आहेत. लखनौत स्थायिक झालेल्या एका मराठी बाई, ज्यांनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. आणि ऊसर जमिनीवर काम केलेले एक मराठी मृदाशास्त्रज्ञ, ज्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणतात. मधेमधे मी माझं मत घालणार आहे, आणि ते कुठल्या बाजूला झुकतं हे लपवणार नाही.

बाई : डॉक्टरसाहेब, यात वादाला जागा कुठे आहे? सोडियमकडे अकरा इलेक्ट्रॉन. पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात एकच. हा एकटा बाहेरचा इलेक्ट्रॉन गेला की खाली आठांचं पूर्ण कवच उरतं, निऑनसारखं. कॅल्शियमच्या बाहेरच्या कवचात दोन आहेत. ते गेले की आरगॉनसारखी रचना उरते. क्लोरीनकडे सात आहेत, त्याला एक हवा. प्रत्येक अणूला अष्टक पूर्ण करायचं असतं, कारण अष्टकात स्थैर्य आहे. १९१६ मध्ये जर्मनीत कोसेलने आणि अमेरिकेत लुईसने हेच मांडलं आणि आज शंभर वर्षांहून जास्त काळ ते टिकून आहे. एवढ्या एका सूत्रावर विद्यार्थी मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, गंधक, पोटॅशियम या सगळ्यांचे प्रभार न अडखळता सांगतो, आणि बरोबर सांगतो. तुमच्या ऊसरातल्या एक आणि दोनचा उगमही तोच. याहून वेगळं काय सांगायचं आहे?

डॉक्टरसाहेब : प्रभार बरोबर येतात, हे मान्य. मी भांडतोय ते ‘हवा’ आणि ‘करायचं असतं’ याच्याशी. सोडियमचा एक सुटा अणू घ्या, आजूबाजूला काही नाही, निर्वात पोकळी. त्याचा तो बाहेरचा इलेक्ट्रॉन आपणहून जातो का? मुळीच जात नाही. तो काढायला एका मोलमागे ४९६ किलोज्यूल ऊर्जा ओतावी लागते. केंद्रकात अकरा प्रोटॉन आहेत. मधले दहा इलेक्ट्रॉन त्यांची ओढ बरीचशी झाकतात, तरी दोन-अडीच प्रभारांइतकी ओढ त्या एकट्यापर्यंत पोचतेच. तो सैल आहे, पण सुटा नाही. आता उलटं करून पाहा. त्याच सुट्या सोडियमला एक जादा इलेक्ट्रॉन दिला तर? तो घेतो, आणि मोलमागे ५३ किलोज्यूल वर टाकतो. म्हणजे एकट्या सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायला खर्च येतो आणि घ्यायला थोडा फायदा होतो. तुमच्या भाषेत बोलायचं तर त्याला ऋण आयन व्हायचं आहे! आणि ही नुसती कागदावरची गंमत नाही. जेम्स डाय यांच्या गटाने १९७४ मध्ये सोडियमचा ऋण आयन असलेलं स्फटिकरूप संयुग करून दाखवलं.

बाई : प्रयोगशाळेतल्या अशा नवलांवरून नियम मोडत नाहीत. तुम्ही एकटा सोडियम घेतलात. समोर क्लोरीन ठेवा. क्लोरीन त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो की नाही?

डॉक्टरसाहेब : हिशेब मांडू. क्लोरीनचा अणू इलेक्ट्रॉन घेताना ३४९ किलोज्यूल सोडतो. सोडियमला लागतात ४९६. तूट १४७ ची. घेणारा आणि देणारा दोघेही आठ-आठ करून बसले, तरी व्यवहार तोट्यातच आहे. दोन अणू एकमेकांपासून दूर असतील तर हा इलेक्ट्रॉन हलणारच नाही. साधारण एक नॅनोमीटरच्या आत दोघे आले, तर धन आणि ऋण यांच्यातलं आकर्षण ती तूट भरून काढतं आणि तेव्हा कुठे इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे होतो. उलट दिशेनेही तसंच. मिठाचा एक रेणू निर्वातात हळूहळू ताणत नेला, तर शेवटी दोन आयन हाती येत नाहीत, दोन उदासीन अणू येतात. अष्टक मोडून इलेक्ट्रॉन परत जातो. अष्टक हेच कारण असतं, तर तो परत का गेला?

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा वाद यावर उभा आहे. घन मिठाचा पूर्ण ताळेबंद मॅक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी १९१९ मध्ये मांडायला शिकवला. धातूरूप सोडियममधून अणू सुटा करायला १०७. क्लोरीनचा रेणू तोडून एक अणू मिळवायला १२१. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६. खर्च एकूण ७२४. क्लोरीनकडून परत मिळाले ३४९. अजून ३७५ ची तूट आहे. ही तूट एकाच जागी भरून निघते: असंख्य धन आणि ऋण आयन आळीपाळीने रचून स्फटिकाचं जालक होतं तेव्हा ७८७ किलोज्यूल मोकळे होतात. मीठ तयार होताना ४११-४१२ किलोज्यूल बाहेर पडतात असं प्रयोगात मोजलं जातं, ते या बेरीज-वजाबाकीशी जुळतं. अणूच्या पोटातल्या पायऱ्यांची बेरीज तोट्यातच जाते. सगळा नफा आयन एकत्र रचले जाण्यात आहे. बाईंच्या मांडणीत ही शेवटची पायरी येतच नाही, आणि माझ्या मते हीच तिची खरी उणीव आहे. आयन होण्याची गोष्ट अणूच्या आत सुरू होते, पण निकाल बाहेर लागतो.

बाई : समजा मानलं. पण मग तुमच्या बाहेरच्या जगाला एवढाच अधिकार असेल, तर त्याने सोडियमचे दोन इलेक्ट्रॉन का नाही काढून घेतले? दोन प्रभारांचा सोडियम झाला असता, तर जालकही जास्त घट्ट झालं असतं. तसा आयन ना मिठात सापडतो, ना पाण्यात, ना तुमच्या मातीत. तो सापडत नाही कारण दुसरा इलेक्ट्रॉन अष्टकातला आहे. म्हणजे शेवटी अष्टकच खरं ठरलं की!

डॉक्टरसाहेब : हा आक्षेप बिनतोड आहे, आणि इथे तुमचे संयुजा इलेक्ट्रॉन आपलं खरं काम करतात. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन ४९६ ला निघतो. दुसरा काढायला ४५६२ लागतात, नऊपटीहून जास्त. तो आतल्या कवचातला आहे, केंद्रकाच्या जवळ आहे, आणि त्याला झाकणारे इलेक्ट्रॉन फार थोडे आहेत. ही किंमत कुठलंही जालक किंवा पाणी भरू शकत नाही. पण लक्षात घ्या, यात आठ या आकड्याची जादू नाही. सोडियमच्या धन आयनाकडे निऑनइतकेच दहा इलेक्ट्रॉन आहेत, तरी निऑनचा इलेक्ट्रॉन २०८१ ला निघतो आणि याचा ४५६२ ला. रचना तीच, पण केंद्रकात एक प्रोटॉन जास्त आणि आयनावर आधीच धन प्रभार. सोडियम निऑनसारखा झाला हे वाक्य इलेक्ट्रॉन मोजायला ठीक आहे; ऊर्जेच्या दृष्टीने ते दोघे एकमेकांसारखे नाहीत.

बाई : म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉनांची संख्या मर्यादा घालते, एवढं तुम्ही कबूल करता.

डॉक्टरसाहेब : करतो. किंमत कुठे एकदम आकाशाला भिडते, ते ती संख्या सांगते. पण मर्यादेपर्यंत जायचं की अलीकडेच थांबायचं, हे ती सांगत नाही. कॅल्शियम पाहा. त्याचा पहिला इलेक्ट्रॉन ५९० ला, दुसरा ११४५ ला, तिसरा ४९१२ ला. तिसरा इथे कधीच जात नाही, ते समजलं. पण पहिला स्वस्त आणि दुसरा जवळपास दुप्पट महाग असताना तो पहिल्यावरच का थांबत नाही? एक प्रभाराचा कॅल्शियम तुमच्या ऊसरात का नाही? अष्टक अपुरं राहतं म्हणून, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणतो, पाण्याकडे पाहा. सोडियमच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू जमतात तेव्हा मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल मोकळे होतात. जवळजवळ तेवढ्याच आकाराच्या, पण दोन प्रभारांच्या कॅल्शियमभोवती जमतात तेव्हा १५८० च्या आसपास. चौपट, कारण ही ऊर्जा प्रभाराच्या वर्गाप्रमाणे वाढते. जालकाचंही असंच. दुसऱ्या इलेक्ट्रॉनसाठी ११४५ जास्तीचे मोजावे लागतात, पण परतावा त्याहून अधिक येतो. कॅल्शियम आणि क्लोरीन यांचं एकास एक असं संयुग कागदावर मांडलं तर ते थोडंफार फायद्याचंही दिसतं, पण ते लगेच अर्ध्या धातूत आणि अर्ध्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये मोडून आणखी ऊर्जा सोडेल. म्हणून ते बाटलीत भरून ठेवता येत नाही.

बाई : हे सगळं ‘असतं तर’ आणि ‘झालं तर’ वर चाललंय. एक प्रभाराचा कॅल्शियम कुठेच नाही, यावर आपण सहमत आहोत ना?

डॉक्टरसाहेब : नाही. तो सूर्यावर आहे, आणि भरपूर आहे.

इथे लखनौपासून दोनशे किलोमीटरवरच्या अलाहाबादची आठवण काढणं भाग आहे. मेघनाद साहा तिथल्या विद्यापीठात १९२३ ते १९३८ अशी पंधरा वर्षं प्राध्यापक होते. ज्या समीकरणामुळे त्यांचं नाव जगात गेलं, ते मात्र त्याआधी कलकत्त्यात असताना, १९२० मध्ये, प्रसिद्ध झालं होतं. त्यांच्यासमोर कोडं होतं ते कॅल्शियमचंच. सूर्याच्या वर्णावरणात एक प्रभाराच्या कॅल्शियमच्या दोन ठळक रेषा फार उंचावर दिसतात, आणि उदासीन कॅल्शियमची रेषा मात्र बरीच खाली संपते. कॅल्शियम काही हलकं मूलद्रव्य नव्हे. मग तेवढ्या उंचीवर त्याचीच रेषा का? साहांचं उत्तर असं, की आयन किती प्रमाणात होतील हे तापमानावर आणि दाबावर ठरतं. तापमान इलेक्ट्रॉन काढण्याची ऊर्जा पुरवतं, आणि वर जाताना दाब कमी झाला की निघालेल्या इलेक्ट्रॉनला आयन पुन्हा सापडणं कठीण होत जातं. म्हणून उंचावर उदासीन अणू कमी आणि आयन जास्त. तिथे पाणी नाही, जालक नाही, क्लोरीनही लागत नाही. आणि जो आयन होतो त्याचं अष्टक पूर्ण नसतं. त्याच्या बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन शिल्लकच असतो. त्याच सूर्याच्या प्रभामंडळात, जिथे तापमान लाखो अंशांत आहे, कॅल्शियमने वीसपैकी चौदा इलेक्ट्रॉन गमावल्याच्या खुणा वर्णपटात मिळतात. अणू तोच, संयुजा इलेक्ट्रॉन तेच दोन. बंथऱ्याच्या मातीत दोन प्रभार, वर्णावरणात एक, प्रभामंडळात चौदा. हा फरक अणूकडून आलेला असूच शकत नाही. या लेखात मला जे म्हणायचं आहे त्याचा सगळ्यात मोठा पुरावा मला हाच वाटतो.

बाई : सूर्य म्हणजे टोकाची परिस्थिती. त्यावरून जमिनीवरचा नियम ठरवणं मला पटत नाही. शिवाय प्रभामंडळात नियम मोडला, तर तो नियम साध्या तापमानासाठी आहे असं म्हणू.

डॉक्टरसाहेब : मग ‘साध्या तापमानाला, पाण्याच्या किंवा जालकाच्या सान्निध्यात’ ही अट फळ्यावर लिहा. अट लिहिलीत की माझी अर्धी तक्रार मिटली, कारण अट लिहिणं म्हणजेच परिस्थितीचा वाटा मान्य करणं. आणि साध्या तापमानाचंच उदाहरण हवं असेल, तर ऑक्सिजन घ्या. दोन ऋण प्रभारांचा ऑक्साइड आयन, अष्टक अगदी पूर्ण. पहिला इलेक्ट्रॉन घेताना ऑक्सिजन १४१ किलोज्यूल सोडतो. दुसरा त्यात कोंबायला सातशेहून जास्त लागतात. एकटा सोडला तर हा आयन तो इलेक्ट्रॉन फेकून देतो. आठ पूर्ण असूनही टिकत नाही! चुन्याच्या भट्टीतून निघालेल्या कळीच्या चुन्यात मात्र तो खुशाल राहतो, कारण भोवती कॅल्शियमचं जालक आहे.

ऑक्साइडच्या उदाहरणाला बाईंकडे उत्तर नव्हतं, असं लिहून मला मोकळं होता आलं असतं. पण तसं केलं तर त्यांच्या बाजूवर अन्याय होईल, कारण त्यांच्या हाती एक फार जोरदार आक्षेप अजून शिल्लक आहे.

बाई : बरं, आता तुमच्याच शेतात येते. ऊसरात कुठला अणू आयन होतो, ते दाखवा. हिमालयातून आलेल्या गाळातल्या खनिजांची झीज झाली, त्यातून सोडियम सुटला, पाणी उडून गेलं आणि तो साठत राहिला. तो खनिजात होता तेव्हाही आयनच होता, रेहमध्येही आयन आहे, आणि जिप्सम टाकल्यावर निचऱ्यातून गेला तोही आयनच. जिप्सममधला कॅल्शियम आधीपासून दोन प्रभारांचा. इथे ना कुणी इलेक्ट्रॉन दिला, ना घेतला. मग ऊसराचा दाखला देऊन आयन कसे होतात ते शिकवणं, हे चुकीच्या ठिकाणी बोट ठेवणं नाही का?

या आक्षेपाला टाळाटाळ न करता उत्तर द्यायला हवं. बाईंचं म्हणणं खरं आहे: जिप्समचा व्यवहार हा आयनांची अदलाबदल आहे, आयनांचा जन्म नाही. सोडियमचा अणू इलेक्ट्रॉन देताना पाहायचा, तर रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला धातूचा तुकडा पाण्यात टाकावा लागतो. निसर्गात धातूरूप सोडियम मिळत नाही, आणि हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये विजेच्या साहाय्याने तो वेगळा करेपर्यंत कुणी पाहिलाही नव्हता. तरी ऊसराचा दाखला मी सोडत नाही, कारण आयन होताना जे घटक किंमत भरतात, तेच घटक झालेला आयन कुठे राहील हेही ठरवतात, आणि शेतात ते उघड्यावर दिसतात. ऊसराच्या खाली मीटरभर खोलीच्या आसपास बहुधा कंकराचा थर असतो. कंकर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे ज्या कॅल्शियमसाठी राजस्थानातून जिप्सम आणायचं, तो कॅल्शियम त्याच शेताच्या पोटात पडून आहे, दोन्ही संयुजा इलेक्ट्रॉन रीतसर गेलेला! तरी त्याचा उपयोग नाही, कारण कार्बोनेटच्या जालकातून त्याला सोडवून घेणं त्या अल्कधर्मी पाण्याला जमत नाही. जिप्सम एका लिटर पाण्यात अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळतं. कॅल्शियम कार्बोनेट शुद्ध पाण्यातही त्याच्या शंभराव्या हिश्शापेक्षा कमी. आयन तोच, त्याचे इलेक्ट्रॉन तेवढेच, पण भोवतालचं जालक निराळं. एक शेत पिकतं आणि दुसरं ओसाड राहतं. संयुजा इलेक्ट्रॉन मोजून हा फरक कुणालाही सांगता येणार नाही.

जाता जाता, लखनौतच आणखी एक पुरावा आहे, तोही मिठाईवर. चौकातले कारागीर चांदी कुटकुटून जो वर्ख करत आले, त्या चांदीच्या अणूतही सगळ्यात बाहेर एकच इलेक्ट्रॉन असतो, सोडियमसारखाच. तरी मलई गिलोरीवरचा वर्ख ओल्या मलईला लागून राहतो आणि चकाकत असतो. तेवढा पातळ सोडियम तिथे क्षणभरही टिकला नसता. चांदीच्या केंद्रकात सत्तेचाळीस प्रोटॉन आहेत आणि बाहेरच्याच्या लगेच आतले इलेक्ट्रॉन त्यांची ओढ नीट झाकत नाहीत. इलेक्ट्रॉन काढायला ७३१ किलोज्यूल आणि धातूतून अणू सुटा करायला २८५, म्हणजे हजाराच्या वर. सोडियमसाठी ही बेरीज ६०३ आहे. पाणी चांदीच्या आयनाला सोडियमहून थोडंच जास्त देऊ करतं, आणि तेवढ्यात भागत नाही. बाहेर एक इलेक्ट्रॉन असणं आणि तो सहज जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बाई : वर्ग पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो, डॉक्टरसाहेब. समोर साठ मुलं. त्यांना जालक ऊर्जा, पाण्याची ऊर्जा, प्रभाराचा वर्ग हे सगळं पहिल्याच दिवशी सांगितलं, तर शेवटी मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड एवढंही डोक्यात राहणार नाही. अष्टकाची गोष्ट अपुरी असेल, पण तिच्यावर मूल पुढे जातं. पुढच्या इयत्तेत दुरुस्ती होते.

डॉक्टरसाहेब : दुरुस्ती होत नाही, हीच अडचण आहे. पदवीचे विद्यार्थी प्रक्षेत्रावर येतात आणि सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचाच होता असं सांगतात. मग कंकराचा थर दाखवला की गोंधळतात. कॅल्शियम इथे आहे, तर जिप्सम कशाला? त्यांच्या मनात आयन ही अणूची इच्छापूर्ती असते, आणि इच्छा पुरी झाली की गोष्ट संपली. मी साठ मुलांना बॉर्न-हाबरचं चक्र शिकवा म्हणत नाही. कॅल्शियमचे तीन आकडे फळ्यावर लिहा: ५९०, ११४५, ४९१२. कुठे उडी आहे ते मुलांनाच विचारा. संयुजा इलेक्ट्रॉन किती, ते त्यांना पाठ न करता दिसेल. मग एकच वाक्य जोडा, की यातला कुठलाही आकडा फुकट भरला जात नाही, तो पाणी भरतं किंवा स्फटिक भरतो. दहा मिनिटंही लागणार नाहीत.

वर्गाच्या बाबतीत मी बाईंच्या बाजूने थोडा जास्त आहे. अष्टकाचा नियम म्हणजे किंमत कुठे उडी मारते याची सोपी खूण आहे, आणि खुणेवरून रस्ता शोधण्यात वावगं काही नाही. मुख्य गटांतल्या मूलद्रव्यांसाठी ती खूण क्वचितच फसवते. फसगत होते ती खुणेलाच कारण मानल्यावर. आणि जिथे किंमत उडीच मारत नाही, तिथे तर खूणही हाताशी राहत नाही. अशा मूलद्रव्याचं नाव घ्यायचं, तर ऊसर सोडून दूर जायला नको.

बाई : लोखंड म्हणायचंय तुम्हाला. ते मी मुद्दामच काढलं नव्हतं.

डॉक्टरसाहेब : मला काढावंच लागेल, कारण मघाच्या तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर त्यात आहे. शेतात इलेक्ट्रॉन कोण देतो-घेतो, असं विचारलंत ना? जिप्समऐवजी बिहारातल्या अमझोरचं पायराइटही उत्तर प्रदेशातल्या ऊसरावर वापरलं गेलं. त्यात लोखंड आणि गंधक. हवा आणि जिवाणू यांच्यामुळे गंधकाचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जातात, आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल खालच्या कंकरातला अडकलेला कॅल्शियम सोडवतं. लोखंडही इलेक्ट्रॉन देतं. आणि सुधारलेल्या जमिनीत भातासाठी पाणी साचवलं, की आतली हवा संपते आणि जिवाणू आपले इलेक्ट्रॉन तीन प्रभारांच्या लोखंडाला देतात. ते दोन प्रभारांचं होतं. पाणी ओसरलं, हवा शिरली, की पुन्हा तीन. एकाच शेतात, एकाच वर्षात. लोखंडाचे पहिले तीन इलेक्ट्रॉन ७६२, १५६२ आणि २९५७ ला निघतात. सोडियमसारखी नऊपट उडी कुठेच नाही. म्हणून दोन की तीन हे परिस्थिती ठरवते, आणि दोन्हीपैकी एकाही आयनाचं अष्टक नाही.

बाई : मग काय, आयनांचा धडा आता लोखंडापासून सुरू करू?

डॉक्टरसाहेब : नको, कॅल्शियमपासूनच करा. लोखंडात डी-कक्षकातले इलेक्ट्रॉन येतात, आणि संयुजा इलेक्ट्रॉन नेमके किती धरायचे यावर आमच्यातही एकमत व्हायला वेळ लागतो. पण कॅल्शियम झाला, की त्याच तासाला लोखंडाचे तीन आकडे शेजारी लिहून ठेवा. कुणीतरी पोरगं विचारेलच, की इथे उडी कुठे आहे.